हाडाची मर्जी

श्रीपत उतेकरांचा वरचा पुढचा दात चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, डेंग्याने घेतला, ही गोष्ट खरी असली तरी चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. महाड औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून काम करणारा माणूस, घरात अडकित्ता असताना, सावित्री नदीतली चिंबोरी दाताने फोडायला जातो आणि डेंगा शाबूत राहून दात ताटात पडतो, हे काही त्या पदाला शोभणारं नव्हतं. म्हणून सोमवारी कंपनीत त्यांनी मोटारसायकल घसरल्याचं सांगितलं. महामार्गाचं काम इतकी वर्षं चाललेलं असल्यामुळे लोकांचा चटकन विश्वास बसला. फक्त त्यांच्या हाताखालच्या केमिस्ट सुरेखा साळवी यांनी, गाडीला एकही ओरखडा कसा नाही, असं विचारलं. उतेकरांनी त्यांना टायट्रेशनकडे लक्ष द्यायला सांगितलं.

या थापेचं फळ त्यांना आठवडाभरात मिळालं. मनुष्यबळ विभागाने मोठ्या आपुलकीने त्यांच्या वतीने विम्याचा अर्ज भरला आणि अपघाताचा पंचनामा मागितला. पंचनामा नाही म्हटल्यावर दुसऱ्या वाहनाचा तपशील मागितला. दुसरं वाहन नव्हतं म्हटल्यावर, ज्याला धडक बसली त्या वस्तूचं वर्णन मागितलं. शेवटी उतेकरांनी खरं काय ते सांगितलं, आणि विमा कंपनीचं उत्तर आलं की चिंबोरी ही अपघाताच्या व्याख्येत बसत नाही. ते पत्र उतेकरांच्या हाती येण्याआधी सगळ्या कारखान्याने वाचलेलं होतं.

पण दात गेल्याचं खरं दुःख वेगळंच होतं. उतेकरांची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. शिमग्याला भैरीदेवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली की उतेकरांच्या घरातल्या माणसाने पुढे उभं राहून देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्या वाडीने एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. श्रीपतरावांचे वडील सोनबा हे काम सांगता येणार नाही इतकी वर्षं करत आले. मात्र हळूहळू त्यांचे सगळे दात गेले, कवळी त्यांनी एकदा घातली आणि म्हशीच्या गोठ्यात काढून ठेवली ती परत मिळाली नाही, आणि गेल्या शिमग्याला त्यांनी देवाकडे काय मागितलं ते कोणालाच कळलं नाही. लोक आपले सवयीने ‘व्हय म्हाराजा’ म्हणत राहिले. पुढे त्या वर्षी दोन म्हशी गाभण राहिल्या नाहीत आणि वाडीचं पाणी लवकर आटलं. तेव्हा सोनबांचा चुलतपुतण्या भिकू गावकीच्या बैठकीत उभा राहिला.

“आपण कशाला व्हय म्हटलं, त्येच कुणाला ठाव नाय,” तो म्हणाला. “उद्या म्हातारा वाडी इकायला काढील नि आपण व्हय म्हणू.”

त्यावर ठराव झाला की गाऱ्हाणं घालणाऱ्याचे पुढचे दात शाबूत असले पाहिजेत, म्हणजे देवापर्यंत शब्द आख्खा जाईल. मान श्रीपतकडे गेला, आणि श्रीपतला जमलं नाही तर भिकूकडे. भिकूचे दात पिवळे होते, पुढे आलेले होते, पण सगळे होते. हा ठराव होऊन महिना झाला नाही तोच चिंबोरीने आपलं काम केलं.

फोनवर ही बातमी ऐकून सोनबांनी आधी कोणता दात ते विचारून घेतलं. मग म्हणाले, “बाला, शिमग्याच्या आत दात बशीव. आपल्या घरातनं शब्द भाईर जाता नये.”

महाडच्या बाजारपेठेत डॉ. निशिगंधा दिघे यांचा दवाखाना आहे. बाई वयाने लहान, हाताला हलक्या आणि बोलायला मोकळ्या. त्यांनी उतेकरांना ‘काका’ म्हटलं, ते उतेकरांना लागलं, पण तोंडात आरसा असताना माणूस हरकत घेऊ शकत नाही. तपासून झाल्यावर त्यांनी सांगितलं की जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा लहानसा स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं, आणि मग वर दात चढवायचा.

“हाड धरणार नाही,” उतेकर म्हणाले.

“का बरं?”

“टायटॅनियमला काही चिकटत नाही. आमच्या कंपनीत आम्लाच्या टाकीत त्याचीच नळी आहे. इतकी वर्षं झाली, तिने कशाशी ओळखसुद्धा करून घेतलेली नाही. म्हणून तर ती घालतात.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे उतेकरांना आवडलं. बाईंनी टेबलावरचा नमुन्याचा स्क्रू उचलून त्यांच्या हातावर ठेवला. “काका, तुम्ही म्हणता तेच खरं, आणि म्हणूनच हे जमतं. हवा लागली रे लागली की याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. शरीराला धातू दिसतच नाही, पापुद्रा दिसतो. त्यावर आधी रक्तातली प्रथिनं येऊन बसतात. मग हाड बांधणाऱ्या पेशी येतात. त्यांना ती प्रथिनं घरचीच वाटतात, म्हणून त्या तिथेच पाय पसरतात, धाग्यांची जाळी विणतात आणि तिच्यात कॅल्शियम, फॉस्फेट भरत जातात. हाड स्क्रूला चिकटत नाही, हाड त्याला आपल्यात घेतं.”

उतेकर स्क्रूकडे बघतच राहिले. त्यांच्या वाडीत परका माणूस आला तर कुत्र्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे अंगावर येतात, पण तोच कोणा ओळखीच्याबरोबर आला तर त्याला घोंगडी आणि ताक मिळतं. टायटॅनियम ओळखीच्याबरोबर जातं तर. आपण आयुष्यभर या धातूला माणूसघाणा समजत आलो याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

“आणि धरलंय की नाही ते कसं कळतं?”

“बरीच साधनं आहेत. पण माझे सर स्क्रूवर आरशाच्या दांडीने हलकेच वाजवून बघायचे, मीही बघते. धरलं असेल तर आवाज खणखणीत येतो, नसेल तर मुका येतो.” मग बाईंनी विचारलं, “बिडी, सिगारेट?”

“सोडली,” उतेकर म्हणाले.

हे अर्धं खरं होतं. घरी त्यांनी सोडली होती. कंपनीच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीमागे, जेवणानंतर एक आणि सुटताना एक, अशी जी चाले ती घरच्या जमेत धरू नये, असं त्यांचं मत होतं. बाई मात्र मान खाली घालून लिहिता लिहिता सांगत होत्या की धुराने रक्तवाहिन्या आकसतात, पेशींना माल मिळत नाही आणि हाडाची मर्जी जाते. उतेकरांनी तो भाग शास्त्र म्हणून ऐकला, सल्ला म्हणून ऐकला नाही.

रक्त तपासलं तर साखर ठीक निघाली, पण ड जीवनसत्त्व कमी. डोंगरात जन्मलेल्या माणसाला उन्हाची टंचाई आहे हे ऐकून उतेकरांचा स्वाभिमान दुखावला. बाईंनी गोळ्या दिल्या होत्या, तरी ते रोज गच्चीवर बनियनवर उन्हात बसू लागले. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेल्या बायका परत गेल्या आणि सोसायटीच्या फळ्यावर पोशाखाबद्दल सूचना लागली. शेजारचे किरण शेट्ये तर रोज एक सल्ला घेऊन येत. हाडाला तीळ चांगले, मूठभर चावून खा, असं ते पुढचा दात नसलेल्या माणसाला सांगत. शेवटी त्यांनी गंभीरपणे विचारलं, “पण उतेकर, विमानतळावर तो स्क्रू वाजला तर?” उतेकर आजवर विमानात बसले नव्हते आणि बसण्याचा विचारही नव्हता, तरी त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

स्क्रू बसला. दुखलं फारसं नाही. वर दिसण्यापुरता, काढता-घालता येईल असा एक दात गुलाबी पट्टीवर मिळाला. तो बोलताना किंचित हलायचा, म्हणून उतेकर मोजकं बोलू लागले आणि कंपनीत त्यांचा दरारा वाढला.

आता खरं तर गप्प बसून वाट बघायची होती. पण आपल्या जबड्यात, आपल्याला न विचारता, एवढी मोठी प्रक्रिया चालली आहे आणि तिचा एकही नमुना आपल्याला काढता येत नाही, हे त्या माणसाला सहन होईना. दर तासाला टाकीतून नमुना काढून बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अशात डॉक्टरीणबाईंनी सहज सांगितलं की तोंडाची सगळी भिस्त लाळेवर असते. खाल्लं की जंतू साखरेचं आम्ल करतात, आम्ल वाढलं की दातातलं कॅल्शियम विरघळायला लागतं, आणि लाळ ते आम्ल मारून कॅल्शियम परत भरते. लाळ आंबट राहिली तर हिरडी बिघडते, आणि हिरडी बिघडली तर खालच्या हाडाचंही खरं नाही. उतेकरांच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळेतला पीएच मीटर उभा राहिला.

सुरुवात स्वतःपासून झाली. चहाआधी, चहानंतर, केळं खाऊन, केळं न खाता. चहा-बिस्किटानंतर आकडा घसरायचा, म्हणजे लाळ आंबट व्हायची, आणि अर्ध्या-पाऊण तासात आपोआप वर यायचा, हे बघून उतेकरांना आपल्या तोंडाबद्दल इतका आदर वाटला की त्यांनी सुरेखाताईंना बोलावून दाखवलं. कंपनीत पाणी शुद्ध करायला अख्खं यंत्र आणि सहा माणसं लागतात, आणि इथे कोणाला न सांगता काम होतं. सुरेखाताईंनी नाकाला रुमाल लावून कौतुक केलं.

पण एका माणसाचा नमुना म्हणजे नमुनाच नव्हे. उतेकरांना सरासरी पाहिजे होती. त्यांनी पहिल्या पाळीतल्या सगळ्यांना, बॉयलरवाल्यांपासून ट्रकवाल्यांपर्यंत, जेवणानंतर एका बाटलीत लाळ द्यायला सांगितलं. ते ‘लाळ’ म्हणत, बाकी सगळे ‘थुंकी’ म्हणत. लाळ म्हटलं की शास्त्र होतं आणि थुंकी म्हटलं की दंड होतो, हे उतेकर परोपरीने समजावत. लोकांना मात्र गंमत वाटली. ज्या कंपनीत इतकी वर्षं ‘थुंकू नये’च्या पाट्या वाचल्या तिथे साहेब स्वतः बाटली पुढे करतो म्हटल्यावर काही जण दोनदा येऊन गेले. उतेकरांनी सगळा माल गाळला, पाणी घालून पातळ केला, स्वच्छ बाटलीत भरला, वर चिठ्ठी लावली आणि फ्रिजमध्ये ठेवायला गेले.

इथे एक सांगायला हवं. त्या फ्रिजमधल्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या ओलाव्याने नेहमी गळून पडत. म्हणून बाटलीवर काय लिहिलंय याला तिथे काडीची किंमत नव्हती, ती कुठल्या कप्प्यात आहे त्यावरून ती काय आहे हे ठरे. वरचा कप्पा तयार मालाचा, मधला कारखान्यातून शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याचा, खालचा किरकोळ. ही शिस्त खुद्द उतेकरांनीच लावलेली होती. त्या दिवशी खालच्या कप्प्यात, वीर गावाहून येणाऱ्या बॉयलरवाल्या चंदनने घरी न्यायचे बोंबील ठेवले होते. बोंबलाशेजारी शास्त्र ठेवायला उतेकरांचं मन होईना. त्यांनी बाटली, फक्त आजच्यापुरती, मधल्या कप्प्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या मुख्य कचेरीतून तपासणीला साहेब आले, न कळवता. साहेब जुन्या वळणाचे, यंत्रापेक्षा परीक्षानळीवर विश्वास ठेवणारे. त्यांनी फ्रिज उघडला, मधल्या कप्प्यातली पुढची बाटली उचलली, थोडं पाणी नळीत ओतलं, आणि फिनॉल आहे का बघायला फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले. फिनॉल असता तर जांभळा रंग आला असता. काही नसतं तर पिवळट राहिलं असतं. पाणी रक्तासारखं लाल झालं.

साहेबांनी नळी कारखान्याच्या व्यवस्थापकांपुढे धरली. असा लाल रंग थायोसायनेटचा, म्हणजे सायनाइडच्या भावकीतल्या, पण स्वभावाने गरीब अशा पदार्थाचा. गरीब असो की श्रीमंत, कारखान्यात तो औषधालाही वापरला जात नव्हता.

“उतेकर, हे आपल्या पाण्यात आलं कुठून?” व्यवस्थापकांनी विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“शोधतो साहेब,” उतेकर म्हणाले, आणि त्यांच्यातला शोधक जागा झाला.

त्यांनी दोन विभाग बंद करायला लावले. डोक्यावर हेल्मेट चढवून ते टाक्यांवर चढले, गटारात उतरले, झडपा उघडून वास घेऊन आले. कच्च्या मालाची पिंपं उलटीसुलटी करून बघितली. उपाहारगृहाच्या आचाऱ्याला बोलावून, तो आमटीत काय घालतो, अशी चौकशी केली, तेव्हा आचाऱ्याने उद्यापासून स्वतः करा म्हणून झारा त्यांच्या हातात दिला. जागोजागचे नमुने काढले. प्रत्येक नमुना साफ निघाला. जितके नमुने साफ निघत तितके उतेकर पेटून उठत. वर्षानुवर्षांच्या नोकरीत असा चमत्कारिक प्रश्न त्यांच्या वाट्याला आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मनातून ते सुखावलेले होते.

दिवस कलता कलता ते फ्रिजपाशी आले. आपली बाटली घेऊन पीएच बघावा, तेवढाच विरंगुळा, म्हणून त्यांनी मधल्या कप्प्यात हात घातला. बाटली नव्हती. चंदन घरी न्यायला विसरलेले बोंबील मात्र खाली जागच्या जागी होते. साहेबांनी सकाळी कोणती बाटली उचलली ते उतेकरांच्या ध्यानात आलं, आणि ते तसेच व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. मुंबईचे साहेब तिथेच बसले होते.

“साहेब, ते पाणी आपलं नव्हतं.”

“मग कोणाचं होतं?”

“म्हणजे, होतं आपलंच. पण तोंडातलं.”

व्यवस्थापकांनी चष्मा काढला. “थुंकी?”

“लाळ,” उतेकर म्हणाले.

“कोणाची?”

“पहिल्या पाळीची.”

व्यवस्थापक खुर्चीत मागे टेकले आणि छताकडे बघत राहिले. उतेकरांना वाटलं, आता गेली नोकरी. पण मुंबईचे साहेब उठून उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल होतं. “पण मग लाल का झालं?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून उतेकर तळमळत होते. त्यांनी सांगितलं की थोडं थायोसायनेट प्रत्येकाच्या लाळेत असतंच. आणि विडी-सिगारेटच्या धुरात जे सायनाइड असतं त्याचं यकृत थायोसायनेट करून टाकतं, ते रक्तातून लाळेत उतरतं. म्हणून ओढणाऱ्याची लाळ जास्त लाल.

“बघू या की,” साहेब म्हणाले, आणि सगळी मंडळी प्रयोगशाळेत परतली. सुरेखाताईंची लाळ घेतली, ती फिकट नारिंगी झाली. साहेब खूश झाले. म्हणाले, “आता न ओढणाऱ्या पुरुषाची घेऊ. उतेकर, तुम्ही द्या.”

नाही म्हणायला काही कारण सापडेना. उतेकरांनी नमुना दिला. दोन थेंब पडले आणि नळी अशी लालभडक झाली की मागे उभ्या असलेल्या चंदनने आपली आपण जीभ चावली.

“सर,” सुरेखाताई हळूच म्हणाल्या, “तुम्ही सोडली होती ना?”

नोकरी वाचली, फक्त लेखी ताकीद मिळाली. पण कंपनीची बस महाडला पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. घरी बायकोने, नूतनताईंनी, दार उघडलं, चहा ठेवला, आणि चहा समोर आल्यावरच बोलल्या.

“मला फसवलंत ते एक वेळ ठीक आहे. मला सवय आहे. पण त्या पेशी बिचाऱ्या आत अंधारात हाड विणतायत, त्यांना धूर देता? त्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?”

त्या रात्री आरशापुढे तोंड उघडून उतेकर हिरडीकडे बघत बसले, आणि पहिल्यांदाच त्यांना मनापासून लाज वाटली. आपण दिवसभर जगाच्या टाक्या हुंगत फिरलो आणि गळती आपल्याच घरात होती.

त्यांनी बिडी सोडली, या वेळी खरोखर. दर रविवारी आंघोळीनंतर ओट्यावर चाचणी होई. नूतनताई थेंब टाकत आणि नळी उजेडात धरून निकाल देत. लालाचा तांबडा झाला, तांबड्याचा नारिंगी. उतेकर चिडचिडे झाले, बडीशेप खाऊन खाऊन कंटाळले, पण नळी फिकी होत जाताना बघण्याचं सुख वेगळं होतं. आपल्या आत काहीतरी स्वच्छ होतंय आणि ते डोळ्यांना दिसतंय, असं याआधी कधी झालं नव्हतं.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी स्क्रू तपासला, शेवटी आरशाची दांडी त्यावर वाजवली. आवाज मुका आला. उतेकरांना तो हाडातून ऐकू आला.

“हलत नाहीये, पण पुरतं धरलेलंही नाही,” बाई म्हणाल्या. “तुमच्या बिड्यांनी मध्ये वेळ खाल्ला, काका. अजून महिनाभर थांबू. आत्ता दात चढवला तर सगळंच जाईल.”

“पण गाऱ्हाणं आहे,” उतेकर म्हणाले. बाईंना ते नीट कळलं नाही, पण त्यांनी पट्टीवरचा दात घट्ट करून दिला.

शिमग्याला पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबले. गुलालाचं ताट धरून भिकू शेजारी उभा होता आणि त्याची नजर देवाकडे नसून श्रीपतच्या तोंडाकडे होती. सोनबा काठीवर दोन्ही हात ठेवून खुर्चीत बसले होते. उतेकर पुढे झाले, हात जोडले, छाती भरून घेतली.

“बा देवा भैरी म्हाराजा...”

‘भैरी’च्या ‘भ’ला पट्टी सुटली. दात हवेतून गेला आणि भिकूच्या हातातल्या ताटात, गुलालात पडला.

भिकूने ताटाकडे बघितलं, मग सगळ्यांकडे. “दात ताटात हाय,” तो शांतपणे म्हणाला. “ठराव झाल्याला हाय. मी सांगायला नको.”

लोक कुजबुजू लागले. उतेकरांचे कान तापले. मुंबईहून आलेली मंडळी मोबाईल वर करून उभी होती. नूतनताईंनी मान खाली घातली होती. उतेकर मागे सरकणार तेवढ्यात सोनबांनी काठी जमिनीवर आपटली.

“ठराव हाय तो शब्द आख्खा जाण्याचा, दाताचा नाय,” म्हातारा म्हणाला, आणि या खेपेला त्याचं बोलणं सगळ्यांना कळलं. “बोल रे बाला. सावकाश बोल.”

उतेकरांनी जीभ त्या फटीला लावून बघितली. मग एकेक शब्द दाबून, तोलून काढला. मध्ये मध्ये वारा शिटी मारत होता, पण शब्द फुटत नव्हता.

“बा देवा म्हाराजा, ह्या वाडीच्या लेकरा-बाळांना, गुरा-वासरांना सुखी ठेव.”

“व्हय म्हाराजा,” वाडी म्हणाली, जरा चाचरत.

“झऱ्याचं पाणी मे म्हयन्यापातूर पुरव.”

“व्हय म्हाराजा.”

इथे गाऱ्हाणं नेहमीच्या वळणाने मुंबईकरांच्या नोकऱ्यांकडे जायचं. पण उतेकरांच्या मनात गेले चार महिने जे साठलं होतं ते आपसूक तोंडावाटे यायला लागलं.

“म्हाराजा, माझ्या जबड्यात येक परका लोखंडाचा भाऊ येऊन बसलाय. त्येला माझं हाड आपल्यात घेऊ दे.”

“व्हय म्हाराजा.”

“हाड इणणाऱ्या ज्या पेशी आंधारात राबतायत, दिसत नायत, कुणाला रजा मागत नायत, त्यांना बळ दे. त्यांना कॅल्शियम दे, फॉस्फेट दे, ऊन दे.”

“व्हय म्हाराजा,” वाडी गरजली. काय ते सगळ्यांना कळलं नव्हतं, पण राबणाऱ्यांसाठी मागणं आहे हे कळलं होतं.

“आन् म्हाराजा,” उतेकरांचा आवाज थोडा खाली आला, “जे कोण बायकोला सोडली म्हणून सांगतात आन् मागं जाऊन बिडी वडतात, त्यांच्या तोंडची बिडी सुटू दे.”

पुरुषांच्या बाजूने आवाज आला नाही. मग मागून बायकांचा आवाज उठला, “व्हय म्हाराजा.” तो असा उठला की ढोलवाल्याने चुकून टिपरू मारलं. त्यात भिकूच्या बायकोचा आवाज सगळ्यांत वरचा होता. देवाच्या मागण्याला गप्प राहायची रीत नाही. भिकूने खिशातल्या बिडीच्या बंडलावर हात ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि तोही पुटपुटला, “व्हय म्हाराजा.”

गाऱ्हाणं संपल्यावर त्याने गुलालातला दात आपल्या शर्टाला पुसून परत दिला. त्या दाताचा गुलाबी रंग पुढे काही केल्या गेला नाही, आणि उतेकर तो तसाच लावून महिनाभर कंपनीत गेले. पुढच्या वर्षी गाऱ्हाणं कोणी घालायचं हा विषय गावकीत कोणी काढला नाही.

चैत्रात स्क्रू पुन्हा तपासायचा होता. या वेळी सोनबाही हट्टाने पोलादपूरहून आले. ज्या हाडासाठी आपण देवापुढे व्हय म्हटलं ते काय करतंय ते बघायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना शेजारी स्टूल दिलं. नूतनताई दाराशी उभ्या राहिल्या. उतेकरांनी तोंड उघडलं आणि डोळे मिटले. बाईंनी आरसा उलटा धरला आणि दांडीने स्क्रूवर हलकेच मारलं.

आवाज बारीक होता, पण स्वच्छ. बाईंनी खात्री करायला पुन्हा वाजवलं. तसाच आला, खणखणीत.

उतेकरांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं, आणि तोंड उघडं असल्यामुळे त्यांना त्यावर काही स्पष्टीकरणही देता येईना. सोनबा स्टुलावरून पुढे वाकले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि आपल्या बोळक्या तोंडाने, अगदी हळू, पण आख्ख्या शब्दात म्हणाले,

“व्हय म्हाराजा.”